तक्रारपेटीत न मावलेलं

९ सप्टेंबर

खुडबुड्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. सध्या उत्तम द्यावेत असं तुझं वागणं नाही, पण मध्यम आशीर्वाद असा प्रकार नसतो, म्हणून उत्तमच घे.

कागदावर लिहितेय याचं नवल वाटून घेऊ नकोस. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचत नाहीत, कारण तू मला ब्लॉक केलं आहेस. हे तुझ्या भावोजींनी त्यांच्या फोनवरून तुला 'हॅलो' पाठवून, ते पोचलेलं बघून, मला समजावून सांगितलं. त्यांना तू उत्तरही दिलंस. 'हॅलो भावोजी' असं. आता उरलं तुझं ते टाके मोजायचं ॲप. त्यात खाली कोपऱ्यात 'तक्रार नोंदवा' असं बटण आहे. ते बंद करायचं तू विसरलास. मी तिथे तीन वेळा लिहिलं, पण त्या पेटीत तीनशे अक्षरंच मावतात. तीनशे अक्षरांत माझं 'कसा आहेस' सुद्धा होत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तिसऱ्या खेपेला 'आणि मुख्य म्हणजे' इथेच पेटी भरली. मुख्य राहिलं ते इथे लिहिते.

तर मुख्य म्हणजे, दोनशे ओळी झाल्या की तुझ्या ॲपमधला आकडा शून्यावर येतो. आमच्या विणकाम मंडळातल्या सगळ्याजणी आता तेच ॲप वापरतात. परवा नर्सबाई शाल विणत होत्या, बहिणीच्या साठीची. दोनशे ओळी पार झाल्या आणि ॲपने त्यांना सांगितलं की तुम्ही अजून सुरुवातच केलेली नाही. इतकी वर्षं दवाखान्यात काय काय बघितलेली बाई, पण रडकुंडीला आली. 'माझ्या भावाने नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी बसून, खास माझ्यासाठी केलंय हो,' असं मी सगळीकडे मिरवत असते ना, त्यामुळे आता त्या मलाच धरतात.

बाकी ठीक. तुझ्या भावोजींची पक्ष्यांसाठी लाकडी घरटी करण्याची हौस अजून फिटलेली नाही. गॅलरीत आता माणसाला उभं राहायला जागा नाही आणि पक्षी एकही नाही. येतात, डोकावतात आणि जातात. स्वेटरबद्दल मी काही लिहिणार नाही. तो विषय माझ्यापुरता संपला.

तुझी ताई

ता. क. स्वेटर आता अगदी मापात बसतो.

२६ सप्टेंबर

खुडबुड्यास,

आशीर्वाद आहेतच.

आकडा आता शून्यावर येत नाही. दोनशे, दोनशे एक, दोनशे दोन, असा शहाण्यासारखा पुढे जातो. म्हणजे माझं पत्र पोचलं, तू ते वाचलंस, बसून दुरुस्तीही केलीस, आणि ताईला दोन ओळी लिहायच्या तेवढा हात दुखला. नर्सबाईंनी आभार मानले आहेत. मी मानणार नाही, कारण आपल्या माणसात आभार मानत नाहीत. निदान मी मानत नाही. तू मानतोस.

मी हा विषय काढणार नव्हते, पण आता निघालाच आहे तर सांगते. मागच्या हिवाळ्यात तू विणकाम शिकायला घेतलंस. व्हिडिओ बघून! घरात चाळीस वर्षं विणणारी सख्खी बहीण असताना तू त्या व्हिडिओतल्या बाईकडून शिकलास, जी सुई पेनासारखी धरते. ते असो. मग एक दिवस माझ्या दारात पार्सल आलं. आत निळा स्वेटर. तुझ्या हातचा. खोटं नाही सांगत, मी हरखून गेले. कारण तू पुरी केलेली ती पहिली गोष्ट; दोनशेला दमणारं ॲप मी पुरं धरत नाही. पाण्याची टाकी भरली की शिट्टी वाजवणारं तुझं यंत्र अजून माझ्या माळ्यावर आहे आणि कधीही, कुठलंही कारण नसताना, शिट्टी वाजवतं. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं भुंकणं मोजणारं ॲप तू कुत्रं म्हातारं होऊन गप्प बसेपर्यंत करत होतास. आणि अशा माणसाने दोन बाह्या, गळा, वेणीची वीण असलेला अख्खा स्वेटर पुरा केला. मी तो मंडळात नेला, सगळ्यांकडून कौतुक करवून घेतलं.

घरी येऊन खिडकीपाशी उजेडात धरला, तर काठाच्या वर तिसऱ्या ओळीत, सुलटाच्या जागी एक उलट टाका. मग नजर वर वर जायला लागली. डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब. छातीवरची वेणी अर्ध्यात येऊन दुसरीकडेच वळलेली, जणू तिला काहीतरी आठवलं. मग मी काय केलं? जे कुठलीही विणणारी बाई करील तेच. उसवला. सगळा उसवला, लोकर धुतली, गुंडे केले, आणि पुन्हा विणला. तुझीच लोकर, तुझीच वीण, तुझंच माप. फक्त नीट. आणि फोटो काढून तुला पाठवला, 'बघ आता कसा झालाय!' म्हणून.

त्यावर तुझं उत्तर आलं, 'छान. धन्यवाद.' धन्यवाद! सख्ख्या बहिणीला! आणि तेव्हापासून तू जो मूग गिळून बसला आहेस तो आजतागायत. माझं नक्की काय चुकलं हे मी तुझ्या भावोजींना विचारलं. ते म्हणाले, मला घरटं रंगवायचंय.

आणखी एक. तुझ्या बायकोचा फोन आला होता. तिने मला ब्लॉक केलेलं नाही, शहाण्या घरची आहे. म्हणाली, ताई, जानेवारीत बाळ येतंय. मी आत्या होणार, आणि हे मला तुझ्याकडून कळू नये! मी तरी आनंदाने लगेच विचारलं, लोकर कुठल्या रंगाची आणू? ती म्हणाली, "ताई, रागावू नका हं. तो म्हणतोय की बाळाचं सगळं मीच विणणार. ताईकडून काही नको."

मी बरं म्हटलं. आणखी दोनचार गोष्टी बोलले, तिच्या पायांना सूज आहे का वगैरे. फोन ठेवल्यावर मात्र मला वाईट वाटलं रे. फार वाईट वाटलं. हे तक्रारपेटीत लिहिता आलं नसतं म्हणून इथे लिहिलं.

ताई

ता. क. ॲपमधलं बटण फार बारीक आहे. आमच्या मंडळात चष्म्याशिवाय कोणी नाही.

१७ ऑक्टोबर

खुडबुड्यास,

बटण मोठं झालं. इतकं मोठं झालं की आता स्क्रीनवर बटणाशिवाय काही नाही. टोमणा कळला. पण मंडळात सगळ्या खूश आहेत, त्यामुळे तुझा टोमणा फुकट गेला. मग त्या म्हणाल्या, रंग जांभळा करायला सांग. मी म्हटलं, सांगते. खरं सांगू का, मला रंगाशी काही देणंघेणं नाही. पण मी तक्रार केली की तू दुरुस्त करतोस, तेवढाच आपला संवाद. त्यामुळे हल्ली मी ॲपमध्ये खोडी शोधत बसते. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातली मी नाही, म्हणून सांगून टाकलं.

आता बातमी. मी प्रोग्रामिंग शिकायला लागले. हसू नकोस. तू मला न विचारता विणकाम शिकलास, मी तुला न विचारता हे शिकतेय. फिटंफाट.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी वर्ग आहे, शनिवारी. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या असतील, पण धीर इतका की मी त्यांना विणकाम मंडळात ओढायचा विचार करतेय. माझ्या शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर बसतात. ते कीबोर्डवरचं एंटर इतक्या जोरात दाबतात की सगळा वर्ग पुढे झुकतो. त्यांना गावातल्या सगळ्या थांब्यांचं काहीतरी करायचंय. मी बाईंना सांगितलं, मला ओळी मोजणारा प्रोग्राम करायचाय. बाई म्हणाल्या, "अहो, असं ॲप आहे की आधीच. जांभळ्या रंगाचं." म्हणजे तू रंग बदललास! मी घरी येईपर्यंत धीर धरला नाही, तिथेच फोन काढून बघितला. खरंच जांभळा. आणि हे पत्र तर मी अजून लिहायलाही घेतलं नव्हतं. मग आठवलं, जांभळ्याचं मी तक्रारपेटीतही लिहिलं होतं. तेवढं तीनशे अक्षरांत बसलं होतं.

शिकायला अवघड जाईल असं वाटलं होतं. पण बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'हे काम करा, मग ते काम करा, असं बारा वेळा करा,' आणि याला लूप म्हणतात असं सांगितलं. मी म्हटलं, बाई, 'दोन सुलट, दोन उलट, असं बारा वेळा' हे मी शाळेत असल्यापासून करतेय, मला फक्त त्याला लूप म्हणतात हे माहीत नव्हतं. बसड्रायव्हर म्हणाले, "मी तर बत्तीस वर्षं लूपमध्येच होतो."

आणि हे यंत्र मला आवडलं. ते मनात काही ठेवत नाही. चुकलं की तोंडावर सांगतं, कुठल्या ओळीत चुकलं तेही सांगतं. 'ओळ चौदा, कंस बंद केलेला नाही.' झालं. कंस बंद केला की पुन्हा आपलं आपलं. 'छान, धन्यवाद' म्हणून रुसून बसत नाही.

ताई

६ नोव्हेंबर

खुडबुड्यास,

झाला! माझा प्रोग्राम पुरा झाला. अगदी माझा, पहिल्या ओळीपासून. बाईंनी मदत केली, पण मी मागितली तेवढीच.

काय करतो ते सांगते. प्रत्येक ओळ विणली की एकदा बटण दाबायचं, आकडा एकाने वाढतो. दहा ओळी झाल्या की 'शाब्बास' असं येतं. बराच वेळ कोणी काही दाबलं नाही तर विचारतो, 'झोपलीस का?' आणि ओळ उसवली तर वजाचं बटण दाबायचं. ते दाबलं की म्हणतो, 'उसवतेस? आधी विचार केलास का?' हे सगळं मी माझ्या मनाने घातलं. नाव ठेवलंय 'ताई'.

थोड्या गमती आहेत त्यात. चाळीसनंतर एकदम बेचाळीस येतं, एक्केचाळीस कुठे जातं ते बाईंनाही सापडलं नाही. 'शाब्बास' कधीकधी नवव्या ओळीलाच येतं. आणि सगळा मजकूर उजवीकडे तिरका झुकलेला दिसतो. पण चालतो! मी बटण दाबते आणि तो मला शाब्बास म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी वर्गात टाळ्या वाजवल्या. बसड्रायव्हरांनी एंटर दाबून साथ दिली.

बाईंनी तो नेटवर चढवला आणि त्याचा पत्ता मला दिला. तो मी आज तक्रारपेटीतून तुला पाठवलाय. सोबत एवढंच लिहिलं, 'मी केलाय. बघ.' उत्तर द्यायचं असेल तर बाईंच्या मेलवर दे, तो पत्ताही तिथेच लिहिलाय. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. मी काही वाट बघत बसणार नाही, मला बरीच कामं आहेत.

ताई

ता. क. शनिवारी वर्ग दहाला असतो. बाई मेल तेव्हाच उघडतात.

२२ नोव्हेंबर, सकाळी

खुडबुड्या रे,

तुझं उत्तर आलं! बाईंनी वर्गात उघडून दाखवलं. 'ताई, छान केलंयस. थोडं नीट करून पाठवलंय.' एवढंच, पण आलं! 'ताई' असं लिहिलंयस! मी वर्गातूनच लिहितेय, बसड्रायव्हरांकडून कागद मागून घेतला. त्यांनी तिकिटाच्या जुन्या पुस्तकातला दिला, म्हणून अक्षर दाटीवाटीने. घरी जाऊन प्रोग्राम उघडते आणि सविस्तर लिहिते.

दुपारी

उघडला.

एक्केचाळीस सापडलं. बरोबर चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये आहे. मजकूर सरळ झालाय. पांढऱ्या पाटीवर करड्या अक्षरात, दवाखान्यातल्या बोर्डासारखा. पण माझं 'शाब्बास' कुठे गेलं? मी शंभर ओळी नुसतं बटण दाबत बसले, एकदाही म्हणाला नाही. 'झोपलीस का?' पण नाही. मी मुद्दाम हात बांधून बसून राहिले, तो ढिम्म. वजाचं बटण दाबलं तर मुकाट्याने एक आकडा कमी करतो, विचारत नाही काही. आणि नाव! नाव 'ओळ गणक' केलंस!

चालतो झकास. एकही चूक नाही. आणि माझं त्यात काहीही उरलेलं नाही. एवढे शनिवार मी त्या कंसांशी झगडले ते कुणासाठी? हे तू सूड म्हणून केलंस ना? चांगला उगवलास. मला काहीही बोलायचं नाही तुझ्याशी. तू मला ब्लॉक केलं आहेस, पण मी तुला पोस्टाने ब्लॉक करतेय असं समज.

संध्याकाळी

दुपारचं पत्र अजून पाकिटात घातलेलं नाही, म्हणून खालीच लिहिते.

तुझ्या भावोजींकडे जाऊन मी तोंड सोडलं. म्हटलं, "बघा याने काय केलं. माझं सगळं काढून टाकलं आणि वर म्हणतो, नीट करून दिलंय. एवढं विचारायचं तरी, की ताई, हात लावू का?"

ते घरट्याला भोक पाडत होते. म्हणाले, "हं."

"हं काय?"

"काही नाही. मी घरट्यांची छपरं जरा तिरकी बसवतो, मला तशी आवडतात. दुसऱ्या दिवशी बघतो तर सरळ झालेली असतात. मला आपलं वाटायचं, पक्षी करत असतील."

मी आत आले. कपाटातून तो निळा स्वेटर काढला आणि मांडीवर घेऊन बसले. दोन्ही बाह्या सारख्या, वेणी सरळ, तिसरी ओळ स्वच्छ. त्यात तुझा एक टाका नाही. माझेच सगळे. तू माझ्यासाठी पहिल्यांदा काहीतरी पुरं केलंस आणि मी ते उसवून तुला त्याचा फोटो पाठवला, शिवाय 'बघ आता कसा झालाय' म्हणून विचारलं. त्यावर तू 'छान, धन्यवाद' एवढंच म्हणालास. मी असते तर भांडी आपटली असती.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते खरंय. मी तर ते कुसळ काढायला सुई घेऊन धावते. चुकलं माझं. हे वाक्य मी शेवटचं कधी लिहिलं होतं ते आठवत नाही, त्यामुळे नीट जमलं नसेल तर तसंच घे.

ताई

१० डिसेंबर

खुडबुड्यास,

मनापासून आशीर्वाद.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. तिने सगळं सांगितलं, तुला न विचारता, त्याबद्दल तिला बोलू नकोस. माझं पत्र आलं की म्हणे तू आधी पळवतोस, दार लावून वाचतोस आणि आतून एकट्याचं हसू ऐकू येतं. आणि प्रोग्रामचं तू सूड म्हणून केलंच नव्हतंस! सबंध सुट्टीचा दिवस बसून, जेवायला हाका मारल्या तरी न उठता, खुशीत शिट्टी वाजवत करत होतास. ती म्हणाली, "ताई, मी मागून बघितलं आणि विचारलं, हे ताईंचं होतं ना? तर म्हणतो, हो, नीट करून देतोय. मी विचारलं, त्यांनी सांगितलं होतं? तोपर्यंत त्याने पाठवून दिलं होतं. मग तो माझ्याकडे बघत बसला, आणि कपाळावर हात मारून इतका हसला की मला वाटलं आता याचंच पोट दुखायला लागेल."

म्हणजे तुलाही कळलं. एकाच आईची दोघं आपण, खोड दुसऱ्या कुठून येणार. लहानपणी आई माझ्या वेण्या आणि तुझ्या बुटांच्या नाड्या शाळेच्या दारात सोडून पुन्हा बांधायची, आठवतं?

आता माझा उद्योग सांगते. मी ठरवलं, तुझा स्वेटर होता तसा परत विणायचा. आधीचा फोटो माझ्याकडे होता, मंडळातल्या कौतुकाच्या वेळचा. तो मोठा करून भिंतीला लावला, निळा स्वेटर पुन्हा उसवला आणि बसले. काठ झाला. तिसऱ्या ओळीत तो उलट टाका घालायचा म्हणून अगदी जपून गेले, आणि बघते तर हाताने परस्पर सुलट घातलेला! पुन्हा मागे आले. पुन्हा सुलट. शेवटी तुझ्या भावोजींना समोर बसवलं आणि सांगितलं, तो टाका आला की ओरडा. ते ओरडले, मी दचकले आणि दोन टाके सुटले. ते मी लगेच उचलले, सवयीने. डावी बाही लांब करायला घेतली तर उजवीही आपोआप तेवढीच झाली. आता तो स्वेटर एखाद्या ताडमाड माणसाला बसेल. चूक करणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं. वेणी तू कशी वळवली होतीस ते तर अजिबात उमगत नाही. शास्त्रात बसत नाही ती.

नाही जमलं रे. तुझा स्वेटर काही मला परत आणता येत नाही. मंडळात हे सांगितलं तर नर्सबाई म्हणाल्या, "अहो, ज्याचं त्याला करू द्यावं." मी म्हटलं, हे आधी कुठे होतात?

तर बाळाचं काय ते तू वीण. टोपी डोळ्यांवर आली तरी चालेल, मोजे एक लहान एक मोठा झाला तरी चालेल. मी काही पाठवणार नाही, तू सांगितल्याशिवाय. लोकर आणलेली आहे, पिवळी, ती कपाटात ठेवून दिली. फक्त मला बाळ बघू दे. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं अशी म्हण आहे, पण मला नुसती आत्याच व्हायचंय, आणि ते काही तक्रारपेटीतून होता येत नाही.

ताई

ता. क. घरट्यात अखेर कोणीतरी राहायला आलं. मुंग्या. तुझे भावोजी म्हणतात, सुरुवात आहे.

१४ जानेवारी

खुडबुड्यास,

आत्याकडून बाळाला पुष्कळ आशीर्वाद. उरतील त्यातले तुला आणि जास्तीचे बाळाच्या आईला. मुलगी झाल्याचं तिच्या फोनवरून कळलं. मागे रडणं ऐकू येत होतं, आधी मला वाटलं बाळ आहे, पण ती म्हणाली तू आहेस.

आज तुझं पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नाही, काही नाही. सुईवर अडकवलेली बाळाची अर्धी लोकरी दुलई, पांढरी, आणि सुईच्या टोकाला बुचाचा तुकडा, टाके निसटू नयेत म्हणून. ती युक्ती व्हिडिओतली नाही, माझी आहे. तुला शिकवल्याचं आठवत नाही, म्हणजे तू लहानपणी नुसतं बघून घेतलं असशील. दुलई मी टेबलावर पसरली. ही कशाला पाठवली असेल, काही कळेना. वैतागून सोडून दिली? नीट करून हवी? का नुसती दाखवायला?

मग मी खिडकीपाशी गेले. जाणार नव्हते, पण पाय गेले. आणि एक चूक दिसलीच.

हात शिवशिवायला लागले. म्हटलं, एकच तर आहे. तेवढ्या ओळी उसवल्या, नीट केल्या, तर कोणाला कळणार आहे? बाळ काही विचारणार नाही. तुझे भावोजी दारातून बघत होते, ते गॅलरीत गेले आणि सगळ्या घरट्यांना कुलपं असती तर लावली असती असे उभे राहिले. मी ठरवलं, उसवायचं तर मोजून उसवावं. म्हणून संगणकावर, तू पाठवलेल्या पत्त्यावर, तो ओळ गणक उघडला.

तर उघडला तो 'ताई'! माझा! तिरका मजकूर, माझे रंग, सगळं होतं तसं. मी तुझ्या ओळी मोजत बटण दाबत गेले. नवव्यालाच शाब्बास म्हणाला. चाळीसनंतर बेचाळीस आलं. मध्ये डोळे पुसायला थांबले तर विचारतो, 'झोपलीस का?' एका अक्षरालाही तू हात लावला नव्हतास. तुला ते किती जड गेलं असेल हे मला माहीत आहे. रात्रंदिवस लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायची नोकरी करणारा माणूस तू.

मग मी वजाचं बटण दाबलं. म्हटलं, आता हा विचारणार, 'उसवतेस? आधी विचार केलास का?' तर ते आलंच नाही. अख्ख्या प्रोग्राममध्ये तू तेवढंच एक बदललं होतंस. तिथे आलं,

'ताई, राहू दे ना.'

मग राहू दिलं.

कपाटातून पिवळी लोकर काढली आणि तू जिथे थांबलास तिथून पुढे विणायला घेतलं. अर्धी पांढरी, अर्धी पिवळी. माझी अर्धी जास्त घट्ट येतेय, तुझी सैल आहे, त्यामुळे मध्ये जरा कंबर आल्यासारखी दिसते. असू दे. पोरीला थंडी वाजायची नाही, एवढं बघू. महिनाअखेरीला पुरी होईल. ती पोस्टाने पाठवू, का घेऊन येऊ? तेवढं कळव. कुठेही कळव, तक्रारपेटीतसुद्धा मी बघते रोज. आणि त्याला काही तीनशे अक्षरं लागत नाहीत. 'ये' लिहायला एकच पुरतं.

तुझी ताई

ता. क. चूक पाचव्या ओळीत आहे, डावीकडून सातवा टाका. नुसतं सांगितलं. हात लावलेला नाही.